सायझिंग, प्रोसेस आणि गोदाम : स्फोटाची तपासणी त्रयस्थाकडून का हवी?

अहमदाबादेत पिराणा-पिपळज रस्त्यावर 4 नोव्हेंबर 2020 रोजी एका रसायनाच्या गोदामात स्फोट झाला. त्या स्फोटात जे दगावले त्यांत बहुतेक मजूर रसायनाचे नव्हते, शेजारच्या कापडाच्या गोदामातले होते. भिंतीला भिंत लागलेली इमारत कोसळली आणि कापडाचे काम करणारी माणसे ढिगाऱ्याखाली सापडली. एकूण 12 जीव गेले. कापडवाल्याने ना कुठला ड्रम उघडला होता, ना कुठले रसायन मिसळले होते. शेजारी काय साठवले जाते आणि ते कोणी तपासले आहे, याची चौकशी करण्याची आपल्या धंद्यात रीतच नाही. आपण समोरच्याची बाजारातली पत विचारतो, उधारी किती दिवसांची ते विचारतो. पलीकडच्या शटरमागे काय आहे, हे मात्र विचारत नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या गावांत यंत्रमाग, सायझिंग, डाइंग, छपाई आणि गोदामे एकमेकांना चिकटून उभी आहेत. मालक आपले, कारीगर आपले, भाडेकरूही पुष्कळदा आपलेच. त्यामुळे स्फोट हा विषय केवळ मोठ्या केमिकल कंपन्यांचा आहे, असे समजून गाफील राहणे आपल्याला परवडणारे नाही.

आपल्या गावांत काहीही फुटले तरी लोक ‘बॉयलर फुटला’ असेच म्हणतात. डोंबिवली एमआयडीसीत 23 मे 2024 रोजी स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही पहिल्या दिवशी सर्वत्र बॉयलरचीच बातमी होती. नंतर कळले की तो रिअॅक्टर होता. हा फरक केवळ शब्दांचा नाही. बॉयलर तपासायला कायदा आहे, खाते आहे, निरीक्षक आहे. बाकीच्या पुष्कळ वस्तूंना, निदान लहान जागेत, तसा वाली नाही.

मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी काय केले

त्रयस्थ तपासणीची ही कल्पना सरकारी कचेरीतून निघालेली नाही. ती कापडवाल्यांच्याच गावात निघाली. 1854 च्या जुलै महिन्यात मँचेस्टरजवळ रॉचडेल येथील एका सूतगिरणीत बॉयलर फुटून 10 जण मरण पावले. चौकशीत ज्यांचे मत घेतले गेले ते विल्यम फेअरबर्न हे त्या काळचे नामांकित इंजिनिअर. आपल्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ज्या ‘लँकेशायर बॉयलर’चे नाव आहे, त्याचे पेटंट 1844 साली फेअरबर्न आणि हेदरिंग्टन या दोघांनी घेतले होते. म्हणजे बॉयलर बनवणाराच माणूस सांगू लागला की बॉयलरची तपासणी बनवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर सोडून चालणार नाही.

त्याच सुमारास मँचेस्टरात गिरणीमालकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. तीच पुढे मँचेस्टर स्टीम यूजर्स असोसिएशन म्हणून ओळखली गेली. पद्धत सोपी होती. सभासदाने वर्षाची वर्गणी भरायची, संस्थेचा पगारी निरीक्षक येऊन बॉयलर आतून-बाहेरून पाहणार आणि लेखी अहवाल देणार. निरीक्षक कोणा एका गिरणीचा नोकर नाही, त्याला बॉयलर विकायचा नाही, दुरुस्तीचे कामही मिळवायचे नाही. वर्गणी सगळ्यांची मिळून असल्यामुळे एखाद्या मालकाला कडू बोलले म्हणून त्याची नोकरी जाण्याची भीती नाही. माझ्या मते सगळी हिकमत या शेवटच्या गोष्टीत आहे.

अर्थात ज्यांना गरज होती तेच पुष्कळदा सभासद झाले नाहीत, आणि संस्थेबाहेरचे बॉयलर फुटत राहिले. प्रत्येक स्फोटाची सरकारी चौकशी करणारा कायदा इंग्लंडात 1882 साली आला आणि कारखान्यातील बॉयलर ठरावीक मुदतीत सक्षम माणसाकडून तपासून घेण्याची सक्ती 1901 च्या कायद्याने आली. कापडवाल्यांनी स्वतःहून सुरू केलेली गोष्ट कायद्यात यायला जवळपास अर्धे शतक गेले. जर्मनीतही हेच घडले. 1865 साली मानहाइम येथे दारूभट्टीचा बॉयलर फुटला आणि दुसऱ्या वर्षी तिथल्या कारखानदारांनी आपली तपासणी संस्था काढली. आज परदेशी यंत्रावर ‘टीयूव्ही’चा शिक्का आपण पाहतो, त्याचे मूळ तिथे आहे.

आपल्या देशात 1863 साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, त्यानंतर 1864 साली बंगालचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे आले. ते एकसारखे करण्यासाठी 1923 चा भारतीय बॉयलर कायदा झाला आणि 2025 साली त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. म्हणजे आपल्याकडे ही परंपरा काही कमी जुनी नाही.

बॉयलरचा कायदा कुठे संपतो

सायझिंगवाल्याला हे ठाऊक असतेच, तरी नव्या पिढीसाठी सांगतो. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. बंद भांड्यात ती जागा मिळत नाही म्हणून दाब चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून बसला, गेज ग्लास काळी पडून पाण्याची पातळी दिसेनाशी झाली, खाऱ्या पाण्याचा थर नळ्यांवर साचून पत्रा तापून नरम पडला, किंवा पाणी संपलेल्या तापत्या बॉयलरमध्ये फायरमनने घाबरून एकदम थंड पाणी सोडले, की जे होते त्याला अपघात म्हणायचे की हलगर्जी, हे ज्याने त्याने ठरवावे. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून, उघडून, आतून पाहायचा आणि जादा दाबाने पाणी भरून त्याची परीक्षा घ्यायची, ही सक्ती त्यासाठीच आहे. 2007 च्या दुरुस्तीपासून सरकारी निरीक्षकाखेरीज मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडूनही ही तपासणी करून घेण्याची वाट मोकळी झाली आहे.

पण आपल्या प्रोसेस हाऊसमध्ये फिरून पाहा. थर्मिक फ्लुइड हीटर, ज्याला बाजारात सगळे थर्मोपॅकच म्हणतात, त्यात वाफ नसते, तापलेले तेल असते. वाफ नाही म्हणून तो बॉयलरच्या कायद्यात बसत नाही. भट्टीतल्या कॉइलला भोक पडून ते तेल आगीवर फवारले गेले तर काय होईल, याचा विचार करावा. पॉलिस्टर रंगवण्याचे जेट मशीन 130 अंशांवर दाबाखाली चालते. आत दाब असताना झाकण उघडले गेल्यास समोरचा कारीगर वाचत नाही. हे दाबाचे भांडे आहे, त्याची तपासणी कारखान्यांच्या नियमांत येते, बॉयलरच्या नाही. छपाईत पिगमेंटच्या पेस्टमध्ये केरोसीन किंवा एमटीओ वापरतात. कापड वाळवताना त्याची वाफ निघते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते, कोपऱ्यात आणि गटारात साचते.

ड्रमांची गोष्ट निराळीच. हायड्रोच्या ड्रमला ओल लागली की तो आतल्या आत तापतो, गंधकाचा दम कोंडणारा वायू सोडतो आणि पेटतो. ब्लीचिंगच्या पेरॉक्साइडमध्ये गंज किंवा घाण गेली की त्यातून ऑक्सिजन सुटतो. झाकण घट्ट असेल तर ड्रम फुटतो आणि शेजारची आग त्या ऑक्सिजनवर भडकते. पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखाली हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहेत. विचारले तर उत्तर मिळते, ‘शेठ, वीस वर्षे असेच ठेवतो.’

धुळीकडे कोणी पाहत नाही

धूळही फुटते, हे सांगितले की आपले लोक हसतात. चीनमध्ये हार्बिन शहरातील लिननच्या गिरणीत 15 मार्च 1987 रोजी पहाटेपूर्वी जवसाच्या तागाच्या धुळीचा स्फोट झाला. 58 कामगार मेले, 177 जखमी झाले. तिथे कुठलेही रसायन नव्हते. धूळ खेचणाऱ्या यंत्रणेत स्फोट झाला आणि नळ्यांमधून तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पोचला. धूळ खेचण्यासाठी बसवलेल्या नळ्यांनीच आग वाहून नेली.

अलीकडे 30 जून 2025 रोजी तेलंगणात हैदराबादजवळ पाशमैलारम येथील कारखान्यात स्फोट झाला. बेपत्ता धरून 54 माणसे गेली. तिथे औषधाच्या गोळ्यांत घालायची सेल्युलोजची भुकटी बनत असे, आणि तपासात धुळीच्या स्फोटाकडेच बोट दाखवले गेले. सेल्युलोज म्हणजे परके काही नाही. कापूस हा जवळजवळ सगळा सेल्युलोजच आहे.

उगाच भीती घालण्याचा माझा हेतू नाही, म्हणून हेही सांगितले पाहिजे की मागाखालची लांब तंतूंची कापसाची रुई बारुदासारखी फुटत नाही, ती धुमसते आणि आग पसरवते. धोका वाढतो तो धूळ बारीक, कोरडी आणि बंद जागेत असली तर. टॉवेलच्या शेअरिंगची भुकटी, चिंध्या फाडण्याच्या यंत्राची धूळ, फिल्टरच्या पिशव्यांत साचलेला माल आणि सायझिंगच्या खळीसाठी आणलेला मक्याचा स्टार्च यांवर लक्ष ठेवावे. पोत्यात भरलेला स्टार्च निरुपद्रवी आहे. तोच बंद खोलीत रिकामा करताना हवेत उडाला आणि जवळ उघडा दिवा किंवा ठिणगी मारणारे बटण असले तर मामला वेगळा. पहिला भडका बहुधा लहान असतो. तो छतावरची, तुळयांवरची, पंख्यांवरची वर्षानुवर्षांची धूळ खाली पाडतो, आणि खरा घात दुसऱ्या भडक्याने होतो. तुळईवर एक मिलिमीटरचा थर दिसू लागला की साफसफाईची वेळ उलटून गेली असे समजावे. आणि ती सफाई कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून करू नये, कारण त्याने धूळ जात नाही, हवेत उडते.

युरोपात याच कारणाने 1999 साली एक निर्देश निघाला आणि 2003 च्या मध्यापासून तो नव्या जागांना लागू झाला. ज्या जागेत पेट घेणारी वाफ, गॅस किंवा धूळ हवेत मिसळू शकते, त्या जागेचे आधी विभाग पाडायचे : इथे नेहमी धोका, इथे कधी कधी, इथे क्वचित. त्याप्रमाणे दिवे, मोटारी, बटणे निवडायची. जागा पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी स्फोटापासून ती एकंदर सुरक्षित आहे की नाही, याची खातरजमा त्या विषयातल्या जाणकाराकडून करून घ्यायची. ब्रिटनमध्ये हेच नियम 2002 साली झाले आणि युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही त्यांनी ते ठेवले. यातला बारकावा असा की कायदा आधी जाणकारी मागतो. माणूस बाहेरचाच हवा अशी अट नाही. बाहेरचा पण अडाणी माणूस आणून उपयोग काय? तरीही तिथले पुष्कळ कारखानदार बाहेरचा जाणकार बोलावतात, कारण आपल्या घरातला दोष आपल्या डोळ्यांना सवयीने दिसेनासा होतो.

आपल्याकडेही अगदीच कोरी पाटी नाही. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांत अशी तरतूद आहे की ठरावीक मोठ्या प्रमाणात रसायन बाळगणाऱ्याने वर्षातून एकदा, त्या उद्योगाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र सुरक्षा तपासणी करून घ्यावी आणि अहवाल तीस दिवसांत अधिकाऱ्याकडे पाठवावा. शब्द नीट वाचावेत : ‘संबंध नसलेल्या’. पण हे मोठ्या साठ्याला लागू. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगारांच्या नव्या संहितेत विजेवर चालणारी जागा कारखाना ठरायला 20 कामगार लागतात. ज्या गल्लीत बारा कारीगर आणि तीस ड्रम आहेत, ती जागा दोन्हीकडून निसटते. रसायनाला मात्र कामगारांची संख्या कळत नाही.

त्रयस्थ कोणाला म्हणायचे

एका प्रोसेस हाऊसमध्ये बसलो असताना तिथल्या मालकाला तपासणीच्या एजंटाचा फोन आला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आले. ‘चार फोटो पाठवा, रिपोर्ट पाठवून देतो.’ मालकाने फोटो पाठवले. संध्याकाळी शिक्क्यासह कागद आला. कागदावर सर्व काही ठीक होते. ज्या नळीतून तेल ठिबकत होते ती फोटोत नव्हती.

अशा कागदाला तपासणी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. जो यंत्र विकतो, ज्याला दुरुस्तीचे काम मिळणार आहे, किंवा ज्याची फी ‘ठीक आहे’ लिहिल्यावरच मिळते, तो त्रयस्थ नव्हे. खऱ्या तपासणीत यंत्र बंद करावे लागते आणि उत्पादनाचा एक दिवस जातो. तपासणारा फिल्टरचे दार उघडून आत डोके घालतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून पाहतो, अर्थिंगच्या तारेला मीटर लावतो आणि फायरमनला मालकाच्या गैरहजेरीत चार प्रश्न विचारतो. अहवालात दोष लिहिलेला नसेल तर मला संशय येतो. इतक्या वर्षांत मी पूर्ण निर्दोष कारखाना पाहिलेला नाही. आणि तो अहवाल कारीगरांना त्यांच्या भाषेत, उर्दूत, हिंदीत, तेलुगूत, वाचून दाखवला पाहिजे. जेटचे झाकण उघडणारा हात त्यांचा असतो.

खर्चाचे म्हणाल तर एकट्या सायझिंगवाल्याला चांगला इंजिनिअर बोलावणे जड जाते, हे मान्य. म्हणूनच मँचेस्टरची गोष्ट सांगितली. आपल्या गावोगावी सायझिंगवाल्यांच्या, प्रोसेसवाल्यांच्या संघटना आहेत. वीज दरासाठी, सुताच्या भावासाठी त्या एकत्र येतात, मोर्चे काढतात. वीस जणांनी मिळून वर्षाच्या करारावर एक जाणकार ठेवला, त्याला फी संघटनेने दिली आणि अहवालाची एक प्रत संघटनेकडे राहिली, तर खर्च वाटला जाईल आणि तो माणूस कोणा एकाच्या दबावाखाली राहणार नाही. अडचण पैशांपेक्षा दुसरी आहे. आपल्या कारखान्याचा दोष शेजाऱ्याला कळेल, ही लाज. ती लाज बाजूला ठेवता येत नसेल तर अहवाल बंद पाकिटात ठेवावा, पण करून घ्यावा.

विम्याविषयी आपल्या लोकांत मतभेद आहेत, त्या चर्चेत मी शिरत नाही. ज्यांनी उतरवला आहे त्यांनी एवढेच करावे : पॉलिसी काढून वाचावी. नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत स्फोटाचे नुकसान धरलेले असते, पण बॉयलर स्वतःच्याच स्फोटाने फुटला तर त्या बॉयलरचे नुकसान वगळलेले असते. त्यासाठी बॉयलर आणि प्रेशर प्लँटची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. पुष्कळांना हे दावा नाकारला गेल्यावर कळते.

आणि ज्यांचा कारखानाच नाही, फक्त गोदाम आहे, त्या व्यापाऱ्यांसाठी पुन्हा अहमदाबादकडे येतो. तिथल्या कापडवाल्याकडे स्वतःचे तपासण्यासारखे काही नव्हते. असा व्यापारी काय करू शकतो? तो जागामालकाशी बोलू शकतो. एकाच मालकाचे सहा-आठ गाळे असतात, भाडेकरू वेगवेगळे असतात. आपल्या करारात लिहून घ्यावे की लागून असलेल्या गाळ्यांत ज्वालाग्राही किंवा स्फोटक माल ठेवायला दिला जाणार नाही, आणि दिलाच तर त्याचा परवाना व तपासणी अहवाल पाहण्याचा हक्क आपल्याला राहील. शेजारच्या गाळ्यात निळे ड्रम उतरताना दिसले तर आत काय आहे ते विचारावे आणि समाधान झाले नाही तर अग्निशमन दलाला लेखी कळवून पोच घ्यावी. भिवंडीकडचे बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. हे कलम नूतनीकरणाच्या वेळी घालता येते. एकदा सही झाली की मधेच ते घालायला कुठलाही जागामालक तयार होत नाही.